बांधावरचं झाड कुणाचं?

शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आपल्या आवारात आली, तर ती तोडण्याचा हक्क आपल्याला आहे का? आणि त्या फांदीला लागलेले आंबे कुणाचे? गावातल्या कुठल्याही पारावर हे दोन प्रश्न विचारून पाहा. पहिल्याला उत्तर येईल, 'आहे की!' ते बरोबर आहे. दुसऱ्याला उत्तर येईल, 'आपल्या हद्दीत आले म्हणजे आपलेच.' ते चूक आहे. आंबे झाडाच्या मालकाचे. फांदी तोडली तर तिचं लाकूडसुद्धा त्याचंच.

मी वकील नाही. पण गावाकडे आमचं शेत आहे, शेताला चारी बाजूंनी बांध आहेत आणि बांधांवर झाडं आहेत. त्यामुळे हा विषय समजून घेणं मला भागच पडलं. चार-दोन झाडांपायी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या तारखांना जाणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेक प्रकरणांत निकाल लागेपर्यंत ज्याच्यासाठी भांडण झालं ते झाड उरलेलं नव्हतं. हा लेख लिहायचं कारण तेच. माझं म्हणणं असं आहे की, शेजाऱ्याच्या झाडाचा त्रास झाला तर काय तोडता येईल, हे आपला कायदा बऱ्यापैकी स्पष्ट सांगतो. पण दोघांच्या हद्दीवरचं झाड दोघांनी मिळून कसं राखायचं, याबद्दल तो जवळपास गप्प आहे. आणि या गप्प राहण्याची किंमत बांधावरची झाडं मोजतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे, धारण केलेल्या जमिनीवरच्या झाडांचा हक्क त्या जमीनधारकाचा असतो. सरकारने राखून ठेवलेली झाडं तेवढी वेगळी. म्हणजे झाड कुणाचं हे साधारणपणे बुंध्यावरून ठरतं. बुंधा ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं. फांद्या कुठवर गेल्या, सावली कुणाच्या अंगणात पडते, यावरून मालकी बदलत नाही. कोकणात काही ठिकाणी जमीन एकाची आणि त्यातलं झाड दुसऱ्याचं अशी जुनी वहिवाट असते. तिथे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काय नोंद आहे ते पाहावं लागतं.

आता फांदीचं. आपल्या जमिनीवरची मोकळी जागाही आपलीच असते. तिथे दुसऱ्याची फांदी आली, तर ती हद्दीच्या रेषेपर्यंत छाटता येते. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये 'लेमन विरुद्ध वेब' या खटल्यात हे तत्त्व पक्कं केलं. त्याच सुमाराला, १८९४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की शेजाऱ्याच्या जमिनीवर फांद्या लोंबू देण्याचा हक्क वहिवाटीने मिळत नाही. हे महत्त्वाचं आहे. १८८२ च्या इझमेंट ॲक्टप्रमाणे, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे, एखादी वाट वीस वर्षं उघडपणे आणि विनातक्रार हक्क म्हणून वापरली तर त्या वाटेवर हक्क सांगता येतो. फांदीला तसं नाही. 'चाळीस वर्षं ही फांदी इथंच आहे, आजच काय झालं?' हे वाक्य वादात हमखास येतं, पण कायद्यात त्याला वजन नाही. फांदी रोज वाढते. आज जी आहे ती चाळीस वर्षांपूर्वीची फांदी नव्हेच. हाच नियम जमिनीखालून आलेल्या मुळ्यांनाही लागू होतो.

या हक्काला तीन कुंपणं आहेत आणि भांडणं नेमकी तीच ओलांडल्यामुळे होतात. पहिलं, आपल्या जागेत उभं राहून छाटायचं. शेजाऱ्याच्या आवारात परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. दुसरं, हद्दीच्या रेषेपर्यंतच छाटायचं. रेषेपलीकडची फांदी 'जाता जाता' तोडायची नाही, बुंध्याला हात लावायचा नाही, झाड मरेल असं काही करायचं नाही. तिसरं, तोडलेलं लाकूड आणि त्यावरची फळं मालकाला द्यायची. १९१९ च्या 'मिल्स विरुद्ध ब्रूकर' या इंग्रजी खटल्यात शेजाऱ्याच्या सफरचंदाच्या लोंबत्या फांद्यांवरची फळं काढून विकणाऱ्याला भरपाई द्यावी लागली. फांदी तोडायचा हक्क होता, फळं खिशात घालायचा नव्हता.

शेजाऱ्याच्या जमिनीतलं झाडच तोडून नेलं, तर मामला फौजदारी होतो. चोरीची व्याख्या समजावताना १८६० च्या भारतीय दंड संहितेने दिलेलं पहिलंच उदाहरण झाडाचं आहे: दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड लबाडीने नेण्यासाठी तोडलं, तर ते जमिनीपासून सुटं झालं त्या क्षणी चोरी झाली. ते उचलून घरी न्यायचीही गरज नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३०३ खाली, हे उदाहरण तसंच आहे.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. गुंता पुढे आहे.

शेजारी म्हणून फांदी छाटायचा हक्क असला, तरी झाडांच्या रक्षणाचे स्वतंत्र कायदे आहेत आणि ते मालकालाही बांधतात, शेजाऱ्यालाही. शहरांसाठी १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्रे झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात झाड 'पाडणं' या शब्दात तोडणं, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणून आणखी संरक्षण दिलं. त्यामुळे शहरात शेजारच्या बंगल्यातला गुलमोहर आपल्या गच्चीवर आला, तर कोयता हातात घेण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करणं शहाणपणाचं. ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याला जोडलेल्या यादीतली झाडं, म्हणजे साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर वगैरे, स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत.

म्हणजे एका बाजूला शेजाऱ्याशी असलेलं नातं सांगणारा कायदा, दुसऱ्या बाजूला झाडाशी असलेलं नातं सांगणारा कायदा. दोघांची गाठ घालून देणारं कलम कुठे नाही. सामान्य माणसाला एकच कळतं: 'वकील म्हणाला तोडता येतं' आणि 'साहेब म्हणाले गुन्हा आहे.' दोघंही खरं बोलत असतात. एक फांदीबद्दल बोलत असतो, दुसरा झाडाबद्दल.

सावलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. शेतकऱ्याला फांदीपेक्षा सावली जास्त जाचते. मोठ्या झाडाच्या सावलीत आणि मुळ्यांच्या पट्ट्यात पीक खुरटतं; आमच्याकडे त्याला 'वसवा' म्हणतात. दोन-चार एकरांच्या शेतात दक्षिणेच्या बांधावर सलग झाडं असली, तर वसव्याखाली जाणारी जमीन थोडीथोडकी नसते. मग त्या नुकसानीवर शेजाऱ्याला झाड पाडायला लावता येतं का? सर्वसाधारण उत्तर 'नाही' असं आहे. स्वतःच्या जमिनीत झाड वाढवणं हा मालकाचा हक्क आहे, आणि नुसती सावली पडली म्हणून झाड पाडायचा हुकूम मिळत नाही. घराच्या खिडकीला वीस वर्षं मिळत आलेल्या उजेडाचा हक्क वेगळा. शेतातल्या पिकाला तो हक्क नाही.

हे उत्तर केवळ इंग्रजांनी आणलेलं नाही. उस्मानी तुर्कांच्या राज्यात १८६९ ते १८७६ या काळात अहमद जेव्देत पाशांच्या अध्यक्षतेखाली हनफी फिक्हवर आधारलेली दिवाणी संहिता तयार झाली, तिला 'मजल्ला' म्हणतात. तिचं कलम ११९६ वाचलं तेव्हा मला आमच्या बांधाचीच आठवण झाली. शेजाऱ्याच्या घरावर किंवा बागेवर फांद्या आल्या, तर त्या बांधून मागे घ्यायला किंवा छाटायला लावता येतील. पण सावलीने बागेतल्या पिकाचं नुकसान होतं या कारणावरून झाड तोडायला लावता येणार नाही, असं ते सांगतं. लंडन आणि इस्तंबूलमधल्या न्यायपंडितांनी एकमेकांना विचारलं नसेल, पण दोघं एकाच जागी पोचले: फांदी मागे घ्या, झाड राहू द्या. मजल्लामध्ये तोडण्याआधी बांधून मागे घ्यायचाही पर्याय आहे, ही बाब मला विशेष वाटते.

वसव्याचा त्रास खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. माझे अब्बा आणि शेजारचे आण्णा यांची एका चिंचेवरून दर सुगीला जुगलबंदी व्हायची. आण्णा म्हणायचे, "चाचा, तुमच्या चिंचेनं माझी ज्वारीची चार तासं खाल्ली बघा." अब्बा म्हणायचे, "आण्णा, चिंच माझी, सावली तुमची. दुपारची भाकरी कुठं सोडता?" मग आण्णा हसायचे, पण अब्बा एवढ्यावर थांबत नसत. दर वर्षी पेरणीआधी माणूस लावून त्या बाजूचा विस्तार ते स्वतःच्या खर्चाने हलका करून घ्यायचे आणि फोडलेल्या चिंचेची एक पाटी आण्णांच्या घरी जायची. कायद्याने यातलं काहीच करायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. हे सगळं त्या दोघांच्या स्वभावावर चाललं होतं. आणि अडचण तिथेच आहे: स्वभाव सातबाऱ्यावर चढत नाही. जमीन पुढच्या पिढीकडे जाते, विकली जाते, शहरातला कुणी घेतो. त्याला पाटी माहीत नसते, दरसालची छाटणी माहीत नसते. त्याला फक्त वसवा दिसतो.

आता ज्याच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात ते झाड, म्हणजे बरोबर हद्दीवर उभं असलेलं. ज्याचा बुंधाच दोन गटांच्या रेषेवर आहे, ते कुणाचं? कलम २५ जमीनधारकाचं नाव घेतं. जमीनधारक दोन असले तर काय, ते सांगत नाही. असं झाड दोघांचं सामायिक मानायचं आणि एकाने दुसऱ्याला न विचारता ते पाडायचं नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. पण तत्त्व आणि गावातल्या माणसाच्या हाती पडणारा कागद यांत फरक असतो. जर्मनीचा दिवाणी कायदा १९०० साली लागू झाला. त्यात यासाठी स्वतंत्र कलमच आहे: हद्दीवरच्या झाडाची फळं आणि झाड पाडल्यावर त्याचं लाकूड दोन्ही शेजाऱ्यांचं सारख्या वाट्याने. शेजाऱ्याची फांदी छाटण्याआधी त्याला पुरेशी मुदत द्यावी आणि झाडावरून शेजाऱ्याच्या जमिनीत आपोआप गळून पडलेलं फळ त्या शेजाऱ्याचं समजावं, हेही त्या कायद्यात लिहून ठेवलं आहे. चार ओळींचे नियम. ते नसल्यामुळे आपल्याकडे काय होतं, ते शेतकऱ्याला विचारा.

आपल्याकडे तर हद्दीवरचं झाड ही अपवादाची गोष्टच नाही. आजोबांनी शेताच्या मधोमध, विहिरीजवळ एक आंबा लावला. तेव्हा शेत एक होतं. मुलांच्या वाटण्या झाल्या, विहिरीवरून रेषा गेली आणि आंबा बांधावर आला. नातवांच्या वाटण्या झाल्या, आणखी दोन रेषा आल्या. शेताचे जितके तुकडे, तितके नवे बांध. आणि प्रत्येक नवा बांध कुठल्या तरी जुन्या झाडाला चाटून जातो. म्हणून झाडाचे वाद परक्यांपेक्षा भाऊबंदांत जास्त. हिंदू घर असो की मुसलमान, वाटणीपत्रात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तासांनिशी लिहिलेल्या असतात, पण झाडांचा उल्लेख बहुतेक वेळा 'झाडझाडोऱ्यासह' या एका शब्दात उरकलेला असतो. बहिणींचं तर विचारूच नका. जमिनीतला त्यांचा वाटा 'सोडून' घेतलेला असतो आणि बदल्यात दर उन्हाळ्यात आंब्याची करंडी पोचवायचं कबूल केलेलं असतं. तो आंबा पडला की करंडीही गेली आणि ती मागायला आधारही गेला.

मग वाद झाला की माणूस काय करतो? तहसीलमध्ये जातो. तिथे सांगतात, मालकीचा वाद दिवाणी कोर्टाचा. कोर्टात विचारतात, हद्द कुठे आहे? त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून हद्द कायम मोजणी मागवावी लागते. मोजणीदार येतो, खुणा दाखवतो, 'क' प्रतीचा नकाशा मिळतो. एकाला ती मान्य नसली तर निमताना मोजणी. या सगळ्यात महिने जातात, कधी वर्षं. आणि गंमत अशी की मोजणी झाल्यावरही, रेषा बुंध्याच्या मधून गेली असं निघालं, तर पुन्हा आपण होतो तिथेच.

या फेऱ्याला कंटाळलेला माणूस सोपी वाट धरतो. उसाचं पाचट पेटवताना ते नेमकं बुंध्याजवळ जास्त साचतं. रातोरात बुंध्याची साल गोल सोलली जाते. बांध कोरताना जेसीबीचं बकेट मुळ्यांना 'चुकून' लागतं. पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळतं आणि वाळल्यावर ते पाडायला कुणाची हरकत नसते. माझ्या पाहण्यातली बांधावरची किती तरी झाडं अशी गेली. ज्याने झाड मारलं तो मुळात झाडांचा वैरी नव्हता. त्याला वादातून सुटका हवी होती, आणि झाड जिवंत ठेवून ती मिळवायचा रस्ता त्याला कुणी दाखवला नाही.

झाडाच्या वादाला आणखी एक धोका आहे. मी मुसलमान म्हणून तो जरा जास्त जवळून पाहिला आहे. आमच्या भागातल्या एका गावात कब्रस्तानाच्या कुंपणातल्या चिंचेच्या फांद्या शेजारच्या शेतावर गेल्या होत्या. शेतकऱ्याने आपल्या बाजूने फांद्या तोडल्या आणि लाकूड घरी नेलं. संध्याकाळपर्यंत एका बाजूला बातमी पसरली की 'कब्रस्तानातलं झाड तोडलं', आणि दुसऱ्या बाजूला कुजबुज सुरू झाली की 'आता शेतातल्या फांदीलाही हात लावायची चोरी'. चिंच बाजूला राहिली. गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी दोन्हीकडच्या चार-चार जाणत्यांना बसवलं आणि फक्त नियम सांगितला. शेतावर आलेल्या फांद्या तोडायचा त्याचा हक्क होता. त्यात कुणाचा अपमान नाही. पण लाकूड त्याचं नव्हतं. कब्रस्तानाची जमीन वक्फची, तिथलं झाड वक्फचं; कमिटीचे लोक नुसते राखणदार, त्यांनाही ते कुणाला बक्षीस देता येत नाही. शेतकऱ्याने लाकूड परत आणून टाकलं. कमिटीने कबूल केलं की दर दोन वर्षांनी त्या बाजूची छाटणी तीच करून घेईल. भांडण झाडाचं होतं, ते झाडापाशीच मिटलं. नियम माहीत असलेला एक माणूस त्या संध्याकाळी गावात होता म्हणून हे झालं. तो नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी न केलेला बरा.

कुंपणाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण ते झाडापेक्षा चोरपावलांनी चालतं. शेर, निवडुंग, घायपात, मेंदी यांचं जिवंत कुंपण स्वस्त आणि टिकाऊ. पण मालक ते आपल्या बाजूने छाटतो आणि पलीकडे वाढू देतो. दर वर्षी वीतभर म्हटलं तरी दहा-बारा वर्षांत कुंपण शेजाऱ्याच्या जमिनीत पाच-सहा हात आत जातं, आणि नवी पिढी त्यालाच हद्द समजू लागते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दुसऱ्याने मालक म्हणून उघडपणे बळकावलेली जागा परत मिळवायला बारा वर्षांची मुदत आहे. ती झोपेत घालवली तर 'विरुद्ध कब्जा' हा शब्द ऐकायची वेळ येते. म्हणून कुंपण छाटताना एकदा तरी दोघांनी मिळून खुणेचे दगड उघडे करून पाहावेत. कुंपण शेताच्या वाटेवर किंवा पाण्याच्या पाटावर आलं, तर मात्र लांब जायला नको: १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करून अडथळा काढता येतो.

आणि झाड खरोखर धोक्याचं असेल तर? पोखरलेलं, रस्त्यावर किंवा घरावर कलतं झालेलं, आणि मालक ढिम्म असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १३३ होतं. पडून कुणाला इजा होईल अशा अवस्थेतलं झाड काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा हुकूम प्रांत किंवा अधिकार असलेले कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात. झाड काढणं आणि झाडाला आधार देणं, हे दोन्ही पर्याय त्या कलमात आहेत, हे ध्यानात ठेवा. मालकानेही हे हलक्यात घेऊ नये. दिल्लीत रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून स्कूटरवरचा माणूस गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महापालिकेलाच जबाबदार धरलं. जे महापालिकेला लागू, ते झाडाच्या धोक्याकडे डोळेझाक करणाऱ्या खासगी मालकालाही चुकणार नाही.

मग माझी मागणी काय? सरकारकडे तीन गोष्टी मागाव्यात असं मला वाटतं. एक, महसूल संहितेत कलम २५ ला जोडून दोन ओळी घालाव्यात: हद्दीवरचं झाड दोघांचं निम्मं-निम्मं, आणि दोघांच्या लेखी संमतीशिवाय ते पाडता येणार नाही. दोन, हद्द कायम मोजणी होते तेव्हा मोजणीदाराने हद्दीवरची आणि हद्दीलगतची मोठी झाडं 'क' प्रतीवर दाखवावीत. माणूस जागेवर आलेलाच असतो, साखळी लागलेलीच असते. त्याच फेरीत हे काम होण्यासारखं आहे. तीन, फांदी छाटण्याआधी शेजाऱ्याला लेखी कळवून ठरावीक दिवसांची मुदत द्यायची सक्ती असावी. यातली कुठलीही गोष्ट कुणाचा हक्क काढून घेत नाही. ती फक्त कोयत्याच्या आधी कागद आणते.

सरकार करील तेव्हा करील. आपण कुणाची वाट पाहायची गरज नाही. वाटणीपत्र लिहिताना झाडांची नावं आणि ठिकाणं लिहा: 'विहिरीच्या पूर्वेचा आंबा, दोघांचा, फळ निम्मं, बहिणीला दरसाल एक करंडी.' एका ओळीत बसतं. सामायिक झाडाची छाटणी कोणत्या महिन्यात, कुणाच्या खर्चाने, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. जमीन विकताना तो कागद घेणाऱ्याच्या हाती द्या. वाद झालाच तर गावच्या तंटामुक्त समितीपुढे झाडाचा अर्ज झाडाचाच म्हणून द्या. जुन्या उखाळ्यापाखाळ्या त्यात घालू नका. २००७ पासून महाराष्ट्रात गावोगावी अशा समित्या नेमल्या गेल्या. त्यांच्यासाठी याहून योग्य काम दुसरं नाही. आणि नवं झाड लावताना बांधावर न लावता आपल्या हद्दीत चार-पाच हात आत लावा. पंचवीस वर्षांनी त्याचा घेर किती होईल ते आज डोळ्यांसमोर आणा.

काही जण म्हणतील, शेतकऱ्यापुढे पाण्याचे, भावाचे, कर्जाचे डोंगर असताना हा झाडाचा कसला विषय? मला वाटतं, डोंगर आहेत म्हणूनच. बांधावरचं झाड पडल्यावर दोन्ही शेतकऱ्यांच्या हाती काय येतं ते मोजा: चार तासं ज्वारी वाढते, एकदाच लाकडाचे पैसे मिळतात. आणि जातं काय? दर वर्षीचं फळ, उन्हाळ्यातला शेळ्यांचा पाला, पावसात बांध धरून ठेवणाऱ्या मुळ्या, दुपारी बैल सोडायची जागा. मुख्य म्हणजे वर्षातून एकदा तरी शेजाऱ्याशी बोलायचं कारण जातं. ज्यांच्यात एक झाड सामायिक आहे, त्यांना छाटणीसाठी, फळं वाटण्यासाठी एकत्र यावंच लागतं. फांदी कापायचा आपला हक्क पक्का आहे. तो कुणी घेणार नाही. तो वापरायच्या आधल्या दिवशी पलीकडच्या घरी जाऊन 'उद्या जरा छाटणी करायचीय, येता का?' एवढं विचारायला कुठल्याच कायद्याची परवानगी लागत नाही.